हायड्रोजन इतका गार कसा?



घरातला रेडिओ एफ. एम. पट्टीवर लावा आणि काटा दोन केंद्रांच्या मधोमध आणून ठेवा. गाणे थांबते आणि नुसती खरखर ऐकू येते. ही खरखर येते कोठून? तिचा काही भाग रेडिओच्या मंडलातच तयार होतो, काही भाग आसपासच्या विजेच्या उपकरणांचा असतो आणि काही भाग आकाशातून, आपल्या आकाशगंगेतून येतो. या आकाशातल्या खरखरीत, अगदी खोलवर, पहिले तारे पेटले त्या काळची एक खूण दडलेली असली पाहिजे, असे शास्त्रज्ञांचे गणित सांगते.

२०१८ साली ही खूण सापडल्याचे जाहीर झाले. ती अपेक्षेहून फार ठळक होती. तिच्यावरून विश्वातील न दिसणाऱ्या द्रव्याचा स्वभाव आता कळणार, अशी आशा निर्माण झाली. मग या दाव्याची दोन बाजूंनी कसून तपासणी झाली. एका बाजूने ताऱ्यांची साक्ष काढण्यात आली. दुसऱ्या बाजूने कर्नाटकातील पाण्यावर तरंगणाऱ्या एका भारतीय अँटेनाने तीच खूण पुन्हा शोधून पाहिली. ही तपासणी कशी झाली, ते या लेखात पाहू या.

न दिसणारे द्रव्य

दोरीला दगड बांधून गरगर फिरवला, तर दगड जितका वेगात फिरेल तितका जोर दोरीला लावावा लागतो. दीर्घिकेत ही दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या एका समूहाचा अभ्यास केला, तेव्हा त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना आढळल्या की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. १९७० नंतरच्या दशकात व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेच्या कडेचे वेग मोजले. तेथेही तीच गोष्ट. दोरी दिसत नव्हती, पण ती होती.

या न दिसणाऱ्या द्रव्याला कृष्णद्रव्य म्हणतात. नावात ‘कृष्ण’ असले तरी ते काळे नाही. काळी वस्तू प्रकाश शोषून घेते. कृष्णद्रव्य प्रकाशाला सरळ आरपार जाऊ देते. विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य या प्रकारचे आहे. आपण, आपली पृथ्वी, सूर्य आणि सगळे तारे उरलेल्या १५ टक्क्यांत येतो. कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने इतरांना ओढते, एवढे नक्की. पण याखेरीज ते आपल्या नेहमीच्या द्रव्याशी काही देवघेव करते का? त्याचा कण प्रोटॉनवर आदळून थोडी ऊर्जा घेतो किंवा देतो का? हाच खरा प्रश्न आहे.

एकवीस सेंटिमीटरची लहर

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. दोघांनाही परिवलन असते आणि त्यामुळे दोघेही चिमुकल्या चुंबकांसारखे वागतात. दोघांचे परिवलन एकाच दिशेने असेल तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, विरुद्ध दिशेने असेल तर किंचित कमी. जास्त ऊर्जेचा अणू कमी ऊर्जेच्या स्थितीत आला की फरकाची ऊर्जा रेडिओलहरीच्या रूपाने बाहेर पडते. या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर आणि वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ. उलट, अशी लहर अणूवर आली तर तो ती शोषूनही घेऊ शकतो.

एकट्या अणूला ही उलटी आपणहून घ्यायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षे लागतात! पण आकाशात हायड्रोजनचा साठाच एवढा प्रचंड आहे की कोठे ना कोठे कोणता तरी अणू सतत उलटत असतोच. हॉलंडच्या व्हान डी हुल्स्ट यांनी १९४४ साली ही लहर सापडेल असे भाकीत केले आणि १९५१ साली अमेरिकेत इवेन आणि पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष टिपली. आपल्या पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ती प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केली तेव्हा अतिदूरच्या हायड्रोजनची हीच लहर पकडणे हा तिच्या मुख्य उद्देशांपैकी एक होता.

विश्व पसरते तशी त्यातून प्रवास करणारी लहरही ताणली जाते. पहिले तारे पेटले तेव्हा विश्वाचे वय सुमारे १८ कोटी वर्षे होते. तेव्हापासून आजवर विश्व सुमारे १८ पट पसरले आहे. म्हणून तेव्हाची २१ सेंटिमीटरची लहर आज जवळजवळ ३.८ मीटर लांबीची होऊन पोहोचते आणि तिची वारंवारता १४२० वरून ७८ मेगाहर्ट्झवर उतरते. एफ. एम. ची पट्टी साधारण ८८ मेगाहर्ट्झपासून सुरू होते. म्हणजे आपण रोज ज्या पट्टीवर गाणी ऐकतो, तिच्या अगदी शेजारच्या घरात ही प्राचीन खूण राहते.

गरम पार्श्वभूमी, गार वायू

महास्फोटाच्या वेळचे प्रारण आजही सगळ्या आकाशात भरून आहे. आज त्याचे तापमान सुमारे २.७ केल्विन आहे. विश्व १८ पट लहान असताना ते १८ पट जास्त, म्हणजे सुमारे ५० केल्विन होते. हायड्रोजन वायू मात्र यापेक्षा झपाट्याने थंड होत होता. एकदा वायूचा प्रारणाशी संबंध तुटला की हिशेब बदलतो: विश्व दुप्पट पसरले तर प्रारणाचे तापमान निम्मे होते, पण वायूचे चौथाई होते. या हिशेबाने त्या काळी वायूचे तापमान सुमारे ७ केल्विन भरते.

पहिल्या ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश या वायूवर पडला, तेव्हा हायड्रोजनच्या परिवलनाची स्थिती वायूच्या तापमानाशी जुळली. गार वायू पलीकडच्या गरम प्रारणातून आपली २१ सेंटिमीटरची लहर शोषून घेऊ लागला. म्हणून आजच्या रेडिओ वर्णपटात त्या जागी एक उथळ खळगा दिसला पाहिजे. वायू जितका गार, तितका खळगा खोल. सात केल्विनचा वायू जास्तीत जास्त सुमारे ०.२ केल्विन खोलीचा खळगा पाडू शकतो.

एवढासा खळगा शोधायचा कशात? त्याच वारंवारतेवर आपल्या आकाशगंगेची खरखर हजार केल्विनहून अधिक असते! बाजारच्या दिवशी मोंढ्यात उभे राहून पलीकडच्या गल्लीतली टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यासारखे हे काम आहे.

यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही, कारण ही खूण आकाशाच्या एका कोपऱ्यात नसून सगळीकडे सारखी पसरलेली आहे. टेबलाएवढी अँटेना पुरते. मात्र तिच्यातली प्रत्येक तार, प्रत्येक जोड पारखून घ्यावा लागतो. जड बोमन, ॲलन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात अशी अँटेना मांडली. ‘एजेस’ असे या प्रयोगाचे नाव. मार्च २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास खळगा आहे आणि त्याची खोली ०.५ केल्विन आहे. अपेक्षेच्या दुपटीहून अधिक!

उष्णता कोणी नेली?

हा खळगा खरा धरला तर दोनच मार्ग उरतात. एक तर पार्श्वभूमीचे रेडिओ प्रारण आपण समजतो त्याहून जास्त होते, किंवा वायू ७ नव्हे तर सुमारे ३.३ केल्विन इतका गार होता. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. मग त्या काळी हायड्रोजनहून गार असे होते तरी काय? तारे नव्हेत, प्रारणही नव्हे. उरले फक्त कृष्णद्रव्य. त्याच अंकात रेनन बरकाना यांनी नेमके हेच सुचवले: हायड्रोजनने आपली उष्णता कृष्णद्रव्याला दिली असावी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, कणाच्या वजनाची. उष्णता वाटून घेताना कणांची संख्या महत्त्वाची असते. एक किलो हरभऱ्यात जितके दाणे, त्याहून कितीतरी जास्त एक किलो मोहरीत. कृष्णद्रव्याचे एकूण वजन ठरलेले आहे. तेव्हा त्याचे कण जितके हलके, तितके ते संख्येने अधिक आणि तितकी उष्णता जास्त खेचणार. बरकाना यांच्या हिशेबात कृष्णद्रव्याचा कण काही प्रोटॉनांच्या वजनाहून जड असून चालत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. एखादी जलद गाडी सेलूच्या स्थानकावरून न थांबता धडधडत निघून गेली, तर खिडकीतल्या प्रवाशाशी फलाटावरच्या माणसाला एक शब्दही बोलता येत नाही. तीच गाडी रेंगाळत गेली तर चार वाक्ये होतात. विद्युत्‌भारासारख्या दूरवर पोहोचणाऱ्या बलाचेही असेच असते. रदरफर्डचा आल्फा कणांचा प्रयोग तुम्ही अभ्यासला आहे. तेथे टक्करीची शक्यता वेगाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर शक्यता सोळा पट होते. आज आपल्या आकाशगंगेत कृष्णद्रव्याचे कण सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने फिरतात. पहिल्या ताऱ्यांच्या काळात वायू आणि कृष्णद्रव्य यांचा परस्परांतील वेग सेकंदाला एखाद्या किलोमीटरएवढाच होता. म्हणून जी देवघेव आज कोणत्याही प्रयोगशाळेत दिसत नाही, ती त्या काळी ठळक झाली असेल, असे म्हणायला जागा होती. कल्पना सुंदर होती. पण विज्ञानात सुंदर कल्पनेलाही जामीन द्यावा लागतो.

ताऱ्यांची साक्ष

कोणतेही दूरवर पोहोचणारे बल वाहून नेण्यासाठी हलका वाहक कण लागतो. विद्युत्‌बलाचा वाहक म्हणजे प्रकाशकण. हायड्रोजन आणि कृष्णद्रव्य यांच्यामध्ये एखादे नवे बल असेल, तर त्याचा हलका वाहक साध्या द्रव्याशी जोडलेला असणारच. आणि साधे द्रव्य जेथे खच्चून भरलेले व तापलेले आहे, तेथे म्हणजे ताऱ्यांच्या पोटात, असे कण आपोआप तयार होणार.

तयार झाल्यावर ते काय करतील? सूर्याच्या गाभ्यात निर्माण झालेली प्रकाशाची ऊर्जा अणूंशी धडका खात खात पृष्ठभागावर यायला हजारो वर्षे घेते. पण ज्याची द्रव्याशी देवघेव फार दुबळी आहे असा कण सूर्याची ७ लाख किलोमीटरची त्रिज्या दोन-अडीच सेकंदांत पार करून पसार होईल आणि जाताना ऊर्जा घेऊन जाईल. तारा म्हणजे मग गळका सिलिंडर झाला. घरात एक सिलिंडर महिनाभर पुरतो, असा अनुभव असताना तो वीसच दिवसांत संपू लागला, तर वास आला नाही तरी गळती आहे हे आपण ओळखतो. ताऱ्यांचेही असेच. त्यांच्याजवळ इंधन किती आणि ते किती काळ पुरावे, हे आपल्याला ठाऊक आहे.

एका ताऱ्यासाठी कोट्यवधी वर्षे थांबणे शक्य नाही, म्हणून शास्त्रज्ञ तारकागुच्छात शिरगणती करतात. गोलाकार तारकागुच्छातील लाखो तारे जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले असतात. गाभ्यात हेलियम जाळणारे तारे आणि तांबडे राक्षसी तारे यांच्या संख्येचे प्रमाण काढले की हेलियमचा सिलिंडर किती काळ पुरतो ते कळते. दुसरी खूण अशी: तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे १० कोटी केल्विन झाले की हेलियम पेटते. गाभ्यातून उष्णता गळत असेल तर पेटायला उशीर होईल, तोवर गाभा आणखी जड होईल आणि तारा नेहमीपेक्षा जास्त तेजस्वी होऊन मगच मागे फिरेल. तारकागुच्छांतील सर्वांत तेजस्वी तांबडे तारे हिशेबापेक्षा फारसे जास्त तेजस्वी दिसत नाहीत. म्हणजे मोठी गळती नाही. नवे हलके वाहक आणि त्यांचे नवे बल यांच्यावर यामुळे इतकी कडक मर्यादा पडते की हायड्रोजनला गार करण्याइतके बळ त्यांच्यात उरत नाही.

मग एक पळवाट सुचवली गेली. नवा वाहक नकोच. प्रकाशकणच वाहक मानू. कृष्णद्रव्यातील थोड्या कणांवर अगदी क्षुल्लक विद्युत्‌भार आहे असे धरू. २०१८ सालीच मुन्योझ आणि लोब यांनी हिशेब मांडला: कृष्णद्रव्याचा एक टक्क्याहूनही कमी भाग भारित असेल, त्यावर इलेक्ट्रॉनच्या दशलक्षांश भार असेल आणि कणाचे वजन इलेक्ट्रॉनच्या १ ते १०० पट असेल, तर एजेसचा खळगा समजावता येतो.

एवढे जड कण १० कोटी केल्विनच्या गाभ्यात तयार होऊ शकत नाहीत. तेथे तेवढी ऊर्जाच नसते. त्यासाठी याहून शेकडो पट तप्त भट्टी हवी. निसर्गाने तीही पुरवली होती.

काही सेकंदांचा पुरावा

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी आपल्या शेजारच्या ‘मोठा मॅगेलनी मेघ’ या दीर्घिकेतील एका ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवरून दिसला. अंतर सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे. अतिनवताऱ्याचा प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ येथील जमिनीखालच्या उपकरणांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले. ही नोंद दहा-बारा सेकंद चालू होती.

या सेकंदांत फार मोठी माहिती साठलेली आहे. कोसळलेल्या ताऱ्याच्या गाभ्याचे तापमान दहा हजार कोटी केल्विनहून अधिक असते आणि तो न्यूट्रिनो बाहेर टाकूनच थंड होतो. त्याला लागणारा वेळ गणिताने दहा सेकंदांच्या आसपास निघतो. किंचित भार असलेले कण तेथे तयार होऊन ऊर्जा पळवीत असते, तर न्यूट्रिनोंचा वर्षाव लवकर आटोपला असता. तो आटोपला नाही.

याचा अर्थ असे सगळेच कण बाद झाले, असा मात्र नाही. भार फारच कमी असेल तर कण तयारच कमी होतील आणि चोरी जाणवणार नाही. भार बराच जास्त असेल तर तयार झालेले कण गाभ्यातच अडकून पडतील. चोर घरातच सापडेल. मधला मोठा पट्टा तेवढा बाद झाला. जास्त भाराच्या बाजूला कणत्वरकांवरील प्रयोगांनी कुंपण घातले आणि महास्फोटानंतरच्या प्रारणाच्या निरीक्षणांनी सांगितले की कृष्णद्रव्याचा फार मोठा भाग भारित असूच शकत नाही. सर्व मर्यादा एकत्र मांडल्यावर या कल्पनेसाठी एक अरुंद कोपरा तेवढा शिल्लक राहिला.

पाण्यावरचा सारस

आता तपासणीची दुसरी बाजू. खळगा मुळात खरा आहे का? २०१८ सालीच रिचर्ड हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एजेसच्या विश्लेषणावर शंका घेतली होती. पण शंका घेणे वेगळे आणि स्वतंत्र प्रयोग करून पाहणे वेगळे. तो प्रयोग आपल्या देशात झाला.

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ‘सारस’ नावाचे उपकरण तयार केले आहे. त्याची तिसरी आवृत्ती रवि सुब्रह्मण्यन, सौरभ सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० सालच्या सुरुवातीला दंडिगनहळ्ळीच्या तळ्यावर आणि शरावतीच्या जलाशयावर नेली. शंकू आणि चकती यांची बनलेली ही अँटेना तराफ्यावर ठेवून पाण्यावर सोडण्यात आली.

पाण्यावरच का? अँटेना जमिनीवर असली की लहरी तिच्यापर्यंत आकाशातून येतात तशा खालच्या मातीवरून परावर्तित होऊनही येतात. मातीखाली मुरूम, मुरमाखाली खडक, कोठे ओल, कोठे कोरडे. आपल्या मराठवाड्यात विहीर खणणाऱ्या माणसाला हे थर पाठ असतात. अशा थरांवरून आलेली प्रारणे एकमेकांत मिसळली की वर्णपटात खोट्या लाटा आणि खळगे उमटू शकतात. निम्न दुधनेसारख्या पसरलेल्या जलाशयाचे पाणी मात्र सगळीकडे एकसारखे असते आणि त्याचे परावर्तन हिशेबात नेमके धरता येते. ज्या पायावर उभे राहायचे तो आधी पक्का करायचा, एवढाच हा विचार. पण तो फार मोलाचा ठरला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एजेसने सांगितलेल्या आकाराचा खळगा सारसला आढळला नाही. ९५.३ टक्के विश्वासपातळीने तो नाकारला गेला. म्हणजे पूर्ण शंभर टक्के नव्हे, हे लक्षात ठेवा. पण या निकालाने एजेसच्या खळग्यावरचा विश्वास चांगलाच हलला. सारसच्या निकालाचा अर्थ पहिले तारे पेटलेच नाहीत असा नाही. ०.२ केल्विनचा उथळ खळगा असेलही. तो शोधायला आणखी सूक्ष्म मापन हवे. मात्र हायड्रोजन ३.३ केल्विनइतका गार होता असे मानण्याची निकड त्यामुळे राहिली नाही.

मग हाती काय लागले?

एवढी खटपट वाया गेली, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. एजेसचा खळगा उद्या चुकीचा ठरला, तरी त्याच्या निमित्ताने ताऱ्यांकडून मिळवलेल्या मर्यादा खोट्या ठरत नाहीत. कृष्णद्रव्याच्या कणावर अमुक इतका भार असू शकत नाही, नवे बल अमुक इतके जोरकस असू शकत नाही, हे कायमचे ज्ञान झाले. ‘खळगा नाही’ हीही एक मोजणीच आहे: कृष्णद्रव्याने हायड्रोजनला खूप गार केले असते तर खोल खळगा दिसला असता. हरवलेली वस्तू शोधताना ज्या खोल्या पाहून झाल्या, त्यांना कडी लावत जावे लागते. उरलेल्या खोल्या त्यामुळे कमी होतात.

पुढचा शोध चालूच आहे. पृथ्वीवर एफ. एम. केंद्रांचा गोंगाट सगळीकडे पोहोचतो. चंद्राच्या पाठीमागे मात्र हा आवाज अडतो. म्हणून रामन संशोधन संस्थेने चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘प्रत्यूष’ या उपकरणाची योजना आखली आहे. प्रत्यूष म्हणजे पहाट. विश्वाच्या पहिल्या पहाटेचा शोध घेणाऱ्या उपकरणाला याहून समर्पक नाव कोणते?

करून पाहा

१. तुमच्या रेडिओवरील एखाद्या एफ. एम. केंद्राचा आकडा घ्या. १४२० ला त्या आकड्याने भागा. त्या वारंवारतेवर येणारी हायड्रोजनची लहर निघाल्यापासून विश्व तितके पट पसरले आहे. त्या संख्येला २.७ ने गुणा, म्हणजे त्या वेळच्या प्रारणाचे तापमान केल्विनमध्ये मिळेल. १०० मेगाहर्ट्झसाठी उत्तर सुमारे ३८ येते का, पाहा.

२. दोन कणांचा परस्पर वेग एक-तृतीयांश झाला, तर रदरफर्डच्या नियमाने टक्करीची शक्यता किती पट होईल?

३. मे महिन्याच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास, गावातल्या दिव्यांपासून दूर शेतात जाऊन दक्षिण क्षितिजाच्या वर पाहा. नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका दिसेल. तो ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. द्विनेत्री असेल तर उत्तमच. ज्या तांबड्या ताऱ्यांच्या तेजावरून नव्या कणांना मर्यादा घालण्यात आल्या, त्यांतील काही याच ठिपक्यात आहेत.